तक्रारीच्या तीन प्रती

तोफेने कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांत उभा धरून टेबलावर आपटला. एकदा, दोनदा, मग पुन्हा, गरजेपेक्षा जोरात. बाबांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अगं, टेबल मोडेल," बाबा म्हणाले.

"मोडू दे. कडा सारख्या झाल्या नाहीत तर गोंद पोचत नाही आणि मधली पानं सुटतात. मग ते म्हणायला मोकळे, तक्रारच अर्धवट आहे म्हणून."

तोफ हे तिचे घरातले नाव. चाळिशी आली, स्वतःचा संसार झाला, ऑफिसात हाताखाली माणसे आली, तरी माहेरी ती तोफच राहिली. आणि गेले काही महिने ती एकाच दिशेला धडधडत होती. आईचा डावा गुडघा बदलायचा होता; इस्पितळाने उजवा बदलला. निकामी झालेला डावा तसाच राहिला, धडधाकट उजवा कापला गेला, आणि आता आई दोन्ही पायांनी अधू होऊन खिडकीजवळच्या खुर्चीत, वॉकर पुढ्यात घेऊन बसलेली असे. इस्पितळाने दिलगिरीचे चार ओळींचे पत्र पाठवले होते. त्यात 'गैरसोय' असा शब्द होता. तो आठवला की तोफेच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

म्हणून तिने रविवारपुरते ऑफिसातले थर्मल बाइंडिंगचे मशीन घरी आणले होते. दिसायला टोस्टरसारखे. कव्हरच्या पाठीला आतून गोंदाची पट्टी असते. पाने आत घालून कव्हर मशीनच्या खाचेत उभे केले की गोंद वितळतो आणि पानांना धरून ठेवतो. एक प्रत ग्राहक आयोगाला, एक इस्पितळाला, एक घरी. एक्स-रे, तपासण्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळीकडे डावा, डावा, डावा. आणि शेवटी उजव्या गुडघ्यावरच्या टाक्यांचा फोटो. उद्या सकाळी ती स्वतः जाऊन ही तक्रार देणार होती.

"नुसती पिन मारली असती तरी चाललं असतं," बाबा म्हणाले.

"तुमचं सगळं नुसत्यावरच भागतं."

"तसं नाही गं. पण एवढी घाई कशाला? आधी कुणाला तरी विचारू. मोठी माणसं आहेत ती. उगाच वाकडं घेऊन..."

"वाकडं त्यांनी घेतलंय, बाबा! आईला बाथरूमला एकटीला जाता येत नाही. अजून किती दिवस विचारत बसायचं?"

मशीनचा हिरवा दिवा लागला. तोफेने पहिली प्रत काढून पाठीवर उभी केली आणि दुसरी आत सरकवली. बाबांनी उभ्या प्रतीकडे हात नेला.

"हात लावू नका! गरम असताना उघडलं की पानं हातात येतात."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "मला फक्त बघायचं होतं, काय काय लिहिलंयस ते."

"गेल्या आठवड्यात वाचायला दिलं होतं की. उद्या बघतो म्हणालात. परवाही उद्याच म्हणालात." तिने कंबरेवर हात ठेवले. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात, ते एकदा सांगून टाका. म्हणजे मला बरं पडेल."

बाबांनी दाराआडची पिशवी काढली. "दूध संपलंय. घेऊन येतो."

"फ्रिजमध्ये दूध आहे!"

दार लागले होते. तोफेने कपाळावर हात मारला.

"बघितलंस? पळाले. जन्मभर हेच. कुणी पायावर पाय दिला तरी हेच सॉरी म्हणून येतात."

आई खिडकीतून खाली रस्त्यावर बघत राहिली. बाबा फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत होती. मग तिने हात पुढे केला.

"त्यातलं माझं पान दाखव."

पहिली प्रत एव्हाना निवली होती. तोफेने ती उघडून आईच्या मांडीवर ठेवली. आईचे निवेदन तोफेनेच लिहिले होते, आईने सही केली होती. आई आता ते सावकाश वाचत गेली आणि एका ओळीवर तिने बोट ठेवले. 'शस्त्रक्रियेपूर्वी मला गुंगीचे इंजेक्शन देण्यात आले होते. कोणत्या पायाची शस्त्रक्रिया करायची, हे कुणीही विचारले नाही.'

"हे पान काढ."

"काय?" तोफेचा आवाज चढला. "आता तूही? सही करताना काही बोलली नाहीस! बाबांनी पढवलं वाटतं. आई, त्या लोकांनी तुझा चांगला पाय..."

"ओरडू नकोस. माझा पाय आहे, मला माहीत आहे. सही केली ती चूक झाली. हे खोटं आहे. विचारलं होतं."

"कुणाला? तू तर गुंगीत होतीस."

"अर्धवट. ऐकू येत होतं, जीभ हलत नव्हती." आईने प्रत मिटली. "नर्स खूण करायचं पेन घेऊन आली. हे माझ्या पायांशी उभे होते. तिने ह्यांनाच विचारलं, काका, कुठला पाय? ह्यांनी हात केला आणि म्हणाले, उजवा."

"उजवा? बाबा म्हणाले?"

"समोर उभे होते ना. माझा डावा त्यांच्या उजव्या हाताला आला. तेवढंच."

तोफ खुर्चीत बसली. इतके दिवस रागाला एक पत्ता होता. आता तिला दाराकडे बघवेना आणि आईकडेही बघवेना.

"आणि तू इतके महिने गप्प बसलीस?"

"त्यांनी सांगावं म्हणून. रोज रात्री पायाला तेल चोळतात, मला वाटतं आज बोलतील. पायाचं बोलतात, औषधाचं बोलतात, ते तेवढं बोलत नाहीत." आईने मांडीवरची प्रत तोफेपुढे धरली. "तुला वाटतं, राग काय तो तुलाच येतो? मला इतका येतो की ह्यांच्याकडे पाणीसुद्धा मागू नये असं वाटतं. आणि मागावं लागतं."

"मग तक्रार राहू दे म्हणतेस?"

"का राहू दे? ह्यांचं चुकलं म्हणून त्यांचं सुटलं? कागद होते, एक्स-रे होते, सुजलेला गुडघा डोळ्यांसमोर होता. कापणाऱ्याने बघायला नको? तक्रार द्यायचीच. पण खरी दे. उद्या ती नर्स उभी राहून सांगेल, तेव्हा कुठे तोंड लपवशील?"

"मी बोलते बाबांशी. आत्ता येऊ देत."

"तू नाही बोलायचंस." आईने वॉकरची कड घट्ट धरली. "तू बोललीस तर ते कबूल करतील. मला ते नकोय. मला त्यांनी सांगायला हवंय."

तोफ उठली. दुसरी प्रत झाली होती; ती काढून तिने पहिली पुन्हा खाचेत उभी केली. गोंद परत तापवला की मऊ होतो, पान अलगद काढता येते, दुसरे घालता येते. ऑफिसात साहेबांचे मत बदलले की ती हे डोळे मिटून करी. आज घाईने ओढल्यामुळे शेजारचे पानही सोबत आले. ते तिने चरफडत जागेवर बसवले आणि पुन्हा बटण दाबले.

दार उघडले. बाबा दुधाची पिशवी घेऊन आत आले.

"परत का लावलंस? चुकलं काही?"

"एक पान काढलंय."

"कुठलं?"

तोफेच्या जिभेवर उत्तर तयार होते, चांगले धारदार. तिने आईकडे पाहिले. आई भिंतीकडे बघत होती. तोफेने पान बाबांच्या हातात दिले.

बाबांनी ते उभ्यानेच वाचले. पिशवीवरून पाणी ठिबकून टेबलावर, कव्हरच्या काठापर्यंत ओघळले. कुणी ते पुसले नाही. पान एवढेसे, पण त्यांचे वाचून संपेना. मशीनचा हिरवा दिवा लागला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"हा गोंद किती वेळ मऊ राहतो?"

"थोडाच वेळ. पण पुन्हा तापवता येतो."

"मग जरा थांब." त्यांनी खुर्ची ओढली. कोऱ्या कागदांतला एक ओढून घेतला, खिशातले पेन काढले, टोपण उघडायला त्यांना दोनदा जोर लावावा लागला. "तिथे दुसरं पान लागेल. माझं." आणि मग कागदाकडेच बघत ते म्हणाले, "विचारलं होतं. मला विचारलं होतं त्यांनी."

तोफेने तोंड उघडले, पण तिच्याआधी आई बोलली. इतके महिने त्या घरात कुणी ऐकला नव्हता अशा, चढ्या आणि फाटलेल्या आवाजात.

"लिहा. आणि डावा-उजवा नीट बघून लिहा."