आत्यांचं पोट

आमच्या वेळचं गंगावेशीतलं दूध आता कुणाला सांगून कळायचं नाही. दिवस मावळला की म्हशी कट्ट्यावर येऊन उभ्या राहायच्या, गिऱ्हाईक पेला पुढं करायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार पडायची. फेसासकट प्यायचं, मिशा पुसायच्या, घरी जायचं. माझी नातवंडं पिशवीतलं दूध पितात आणि साय का येत नाही म्हणून मलाच विचारतात. मी काय कपाळ सांगणार!

त्या कट्ट्यावर आमच्याही म्हशी असत. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी शुक्रवार पेठेत सून म्हणून आले. सासूला आम्ही आत्या म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचं नाव बयाबाई, मामांचं हंबीरराव. मामांची हाक गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायची, पण बायकोशी बोलायची वेळ आली की ते भिंतीकडं बघून बोलायचे. चारचौघांत बायकोच्या जवळ उभंसुद्धा राहायचं नाही, ही तेव्हाची रीत. आणि मामा रीतीला पक्के. बाजाराला निघाले की ते पुढं, आत्या पार मागं. परक्याला वाटावं, ही बाई दुसऱ्याच कुणाची तरी.

मी यायच्या आधी आत्यांचं पोट दोनदा उघडलं होतं. एकदा गाठीसाठी, आणि ती जखम चिघळली म्हणून पुन्हा. वरची कातडी सांधली, पण आतली भिंत काही सांधली नाही. त्या फटीतून आतडी पुढं येऊन कातडीखाली बसली. लुगड्याच्या आत भोपळा बांधल्यासारखं दिसायचं. नवी शेजारीण आली की हमखास विचारणार, "कितवा म्हैना?" सुनेच्या समोर हा प्रश्न! आत्या मेल्याहून मेल्या व्हायच्या.

पण त्यांचं खरं दुःख वेगळंच होतं. त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणजे धार काढता येत नव्हती. पोरवयापासून म्हशीच्या कासेखाली बसलेली बाई गोठ्याच्या दाराला टेकून नुसती बघत राहायची. मामांची धार वाकडी पडली की तिचे हात आपोआप हलायचे. मला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी ते पोट दगडासारखं घट्ट झालं आणि आत्यांना उलट्या सुरू झाल्या. टांग्यात घालून आम्ही त्यांना यज्ञेश्वर डॉक्टरांकडं नेलं. मुंबईला शिकून आलेला, बारीक अंगाचा, तापट माणूस. त्यांनी आत्यांना आडवं करून, हळूहळू दाबत आतडं सैल केलं आणि घाम पुसत म्हणाले, "आज सुटलं. पुढच्या वेळी पीळ बसला तर बाई हाती लागणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. पण आज नाही. आधी यांना वाळवा. दूध बंद, तूप बंद, भात बंद."

दूधवाल्याच्या घरात दूध बंद! तरी मी नेमानं केलं. अर्धी भाकरी, पालेभाजी, वरचं पातळ ताक. आत्या निमूट खायच्या. मी तर त्यांच्यापुढं बसून पोटभर जेवायचंही सोडलं. आणि डॉक्टरांच्या काट्यावर आत्या उभ्या राहिल्या की काटा जागचा हलत नव्हता. उलट एकदा थोडा पुढंच सरकला.

"सूनबाई," डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सासूवर माया आहे ती दिसते. पण तुम्ही त्यांना मारणार आहात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी मी उपाशी, आणि वर हे ऐकून घ्यायचं! आत्यांकडं बघितलं तर त्या पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होत्या. तेवढ्यात दाराबाहेर पायरीवर बसलेले मामा आत आले.

"पोरीला बोलू नगा, डाक्टर. म्याच पाजतोय. रोज पहाटं, धारंचं, चरवीभर."

"का?"

"का म्हंजे? येवढं दांडगं आपरेशन, तिसऱ्यांदा प्वाट फाडायचं. अंगात ताकद नगो व्हय? कुस्तीला पोरगं सोडताना कुणी उपाशी सोडतंय का?"

आमच्या गावात औषध म्हणून पहिलं काय आठवणार, तर दूध. मामांचं काही वेगळं नव्हतं. डॉक्टर चिडायच्या बेतात होते, पण चिडले नाहीत. मामांना खुर्चीवर बसवून म्हणाले, "हंबीरराव, आतडी वर्षानुवर्षं बाहेर राहिली, तशी आतली जागा आक्रसली. लहान पेटीत मोठी वाकळ कोंबायची आहे मला. जोर लावून झाकण बसवीन, पण सगळा दाब छातीवर जाईल आणि बाईला श्वास घेता येणार नाही. तुमची चरवी ती वाकळ आणखी जाड करते आहे."

मामांचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठं गेला. वाटेत मी आत्यांना म्हटलं, "तुमी तरी न्हाय म्हणायचं हुतं की."

"कसं म्हणू, बाय?" आत्या म्हणाल्या. "आक्ख्या जन्मात त्यांनी आपल्या हातानं मला दिलेलं तेवढंच की."

त्या दिवसापासून मामांनी स्वतःही दूध सोडलं. आत्या वाळल्या, मामा त्यांच्याहून जास्त वाळले. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आत्यांच्या मांडीतून, कातडीखालची चिवट पांढरी पट्टी काढून डॉक्टरांनी तिचेच दोरे करून पोटाची भिंत शिवली. माणसाचंच अंग माणसाला ठिगळ म्हणून लावायचं, मला तेव्हा ते जादूसारखं वाटलं, अजूनही वाटतं.

पण खरी परीक्षा पुढं होती. भुलीच्या औषधानं आत्यांच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, "खोकून काढला नाही तर न्यूमोनिया. आणि नुसत्या खोकल्या तर टाके तुटतील. कुणीतरी दोन्ही तळव्यांनी पोट घट्ट धरायचं, मग खोकायचं." आत्या भीतीनं खोकेचनात. मी धरायची तेव्हा कशीबशी एकदा, डोळे मिटून. मामा दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली बसलेले. बायकांच्या खोलीत गडीमाणूस कसा जाणार?

मी भाकरी आणायला घरी गेले होते. परत आले तर झाडाखाली कुणी नाही. पायरीवर मामांच्या वहाणा. दारातून बघितलं, तर बाकीच्या खाटांवरच्या बायकांनी तोंडावर पदर ओढलेले, आणि पदराच्या फटीतून सगळ्याजणी टक लावून बघत होत्या. मामा आत्यांच्या खाटेशी गुडघ्यावर बसले होते. फेटा काढून बाजूला ठेवलेला. धार काढून काढून घट्टे पडलेले ते दोन्ही हात बायकोच्या पोटावर.

"अवो, समदी बघत्यात," आत्या पुटपुटल्या.

"बघू देत. म्या धरलंय. खोक, बये."

आत्या खोकल्या. छातीतून घरघर उठली. मामांचे हात हलले नाहीत. ते टाके आत्यांना पुढं जन्मभर पुरले, पुढच्या उन्हाळ्यात तर त्या धारेलाही बसायला लागल्या. पण ते त्या घडीला कुणाला ठाऊक होतं? तेव्हा मामा भिंतीकडं नव्हे, तिच्या तोंडाकडं बघत होते आणि म्हणत होते, "आणि एकदा. भिऊ नगंस. हाय मी."

मला रडू फुटलं. भाकरी गार होत होती, तरी मी आत गेले नाही.