धुरपदाबाईंच्या तोंडचा 'विकासाभिमुख'

आमच्या करवंडीत सकाळी साडेसहाला दोन गोष्टींची वाट बघतात. एक नळाचं पाणी, दुसरा धुरपदाबाईंचा आवाज. पाण्याचं सांगता येत नाही, बाईंचं सांगता येतं.

माझं नाव शिवकुमार. एसटी थांब्यासमोर माझं मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि 'आपली करवंडी' ह्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. ह्या हुद्द्याला मान काही नाही. वावगं काही झालं तर पोलीस आधी माझ्याकडं येणार, एवढाच त्याचा अर्थ.

धुरपदाबाईंनी सव्वीस वर्षं गावची अंगणवाडी चालवली. तिशीच्या आतला एकही माणूस गावात असा नाही की ज्याचं नाक त्यांनी पुसलेलं नाही. निवृत्त झाल्या, पोरानं पुण्याहून मोबाईल पाठवला. टाईप करायचा त्यांना कंटाळा. मग एक दिवस त्यांना माईकचं बटण सापडलं, आणि तेव्हापासून चार वर्षं रोज सकाळी ग्रुपवर त्यांची एक व्हॉइस नोट पडते. राजकारण, मोबाईल, इंटरनेटवर दिसलेलं काहीबाही, सगळ्यावर त्यांचं मत असतं.

"परवा एक व्हिडिओ बघितला. परदेशात लोक गायीला मिठी मारायला पैशे देत्यात. मनाला शांती मिळती म्हनं. आमच्या ह्यांनी चाळीस वर्सं गायी सांभाळल्या. शांती ऱ्हाऊ द्या, दोन दात गेले."

किंवा, "मुंबईत कोन कुनाच्या पक्षात हाय, हे म्या सकाळी इचारतच न्हाय. दुपारपतुर बदलतं. रातच्या बातम्या झाल्या की मगच मत बनवावं."

त्यांचे मालक महारुद्र तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, तो आता मोबाईलवर निघतो. माझ्याच दुकानात काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं ऐकलं, "मोबाईल म्हनला, पापन्या मिचकावा. ह्यांनी मिचकावल्या. पुन्ना म्हनला, मिचकावा. दुकानात चार बाया हुत्या. म्हाताऱ्यानं सतरा डाव डोळा मारला, तवा कुठं सरकारला पटलं की मानूस जिता हाय."

त्या कुणालाच सोडत नसत. ईरण्णाच्या चक्कीवर पायलीमागं पीठ किती कमी भरतं, सरपंच अमरसिंहनं टाकीची मोटार कधीपासून दुरुस्त केली नाही, सगळं निघायचं. मलाही त्यांनी धरलं होतं. "शिवाच्या झेरॉक्सवर मानूस वळकू येत न्हाय. माजा फोटो बघून बँकेतली पोरगी म्हनली, ह्यांच्या मयतीचा दाखला जोडा." ग्रुपवर एकशे चाळीस लोक हसले. मी आठवड्यात नवीन टोनर आणला.

एवढं सगळं खरं, पण बाईंनी कुणाची स्तुती केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपदाला अमरसिंह पुन्हा उभा राहिला, आणि त्याच्यासमोर रणधीर. रणधीर बत्तिशीचा, सोलापुरात डिप्लोमा केलेला, ठिबकच्या नळ्या विकतो. मनानं वाईट नाही, पण मोबाईलमध्ये नवीन काही आलं की त्याला राहवत नाही. अर्ज भरल्यावर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "शिवा, बाईंच्या साठीला एक व्हिडिओ करायचाय. सरप्राइज. त्यांच्या चांगल्या चाळीसेक नोटा मला एकत्र करून दे."

मी दिल्या. वर म्हटलं, "किती चांगला विचार आहे." हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला नको.

मतदान रविवारी होतं. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला नोट आली. रणधीरच्या चुलतभावानं 'बाईंचा संदेश' म्हणून टाकली होती. आवाज बाईंचाच. सुरुवातीला घसा खाकरायची सवयसुद्धा तीच.

"नमस्कार. माझ्या प्रिय करवंडीकर बंधू-भगिनींनो, मी धुरपदाबाई. आज मला अत्यंत आनंद होत आहे. रणधीर हे तरुण, तडफदार आणि विकासाभिमुख नेतृत्व आहे. त्यांना प्रचंड मताधिक्याने विजयी करावे, ही माझी नम्र विनंती."

हे खोटं आहे असं कुणाच्याच मनात आलं नाही. लोकांना वाटलं, बाई आजारी आहेत.

माझी आई, पार्वतम्मा, चहा गाळता गाळता थांबली. आम्ही घरात कानडी बोलतो, पण काळजी वाटली की ती मराठीवर येते. म्हणाली, "शिवा, बाईला काय झालं रे? कुणाला तर सांग, दवाखान्यात न्या." सात वाजता बाईंच्या दारात पाच माणसं उभी होती. एकीनं लिंबू-सरबत आणलं होतं. बाई अंगणात सडा टाकत होत्या. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता, कारण मोबाईल चार्जिंगला होता.

तोवर मला त्या चाळीस नोटा आठवल्या होत्या. आठला महारुद्र तात्या दुकानात आले. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "शिवा, ह्यो आवाज माज्या मोबाईलमदी कायमचा ठेवता येतो का?"

"तात्या, ते मशीननं केलंय. बाई तसं बोललेल्या नाहीत."

"म्हाईत हाय रं. चव्वेचाळीस वर्सं ऐकतोय, मला कळत न्हाय व्हय?" तात्यांनी मोबाईल कानाला लावून ते पुन्हा एकदा ऐकलं. "पर शेवटाला 'नम्र विनंती' म्हनली बघ."

तेवढ्यात बाई आल्या. तात्यांनी मोबाईल खिशात घातला.

"शिवा, माजा आवाज कुनी काढला?"

मी सगळं सांगितलं. साठीचा व्हिडिओ, चाळीस नोटा, सगळं.

"माजी साठी होऊन चार वर्सं झाली," बाई म्हणाल्या. "तुला येवडं बी गनित आलं न्हाय?"

तिथून मला घेऊन बाई थेट रणधीरकडं निघाल्या. त्याच्या दारात मांडव होता आणि दहा-बारा कार्यकर्ते चहा पीत बसले होते. बाई आत शिरल्या तसे सगळे उभे राहिले. त्यातले बरेचसे त्यांच्या हातची सुकडी खाऊन मोठे झालेले. रणधीर आधी म्हणाला, मला काही माहीत नाही. बाईंनी नुसतं बघितलं. मग तो म्हणाला, "बाई, आता ॲप आलंय. दोन-तीन मिनिटांचा आवाज दिला की ते आपल्या आवाजात पाहिजे ते बोलतं. लई सोपं आहे."

"सोपं हाय म्हून केलंस?"

"तुमचं गाव ऐकतं, बाई."

"माजं ऐकतं, मग मला इचारायचं हुतंस."

"तुम्ही नाही म्हणला असता."

"व्हय. न्हायच म्हनले असते." बाई खुर्चीवर बसल्या. "आन् ते काय म्हनले म्या, विकासा... काय?"

"विकासाभिमुख," रणधीर खाली मान घालून म्हणाला.

"माज्या तोंडात ह्यो शब्द बसतो का? तुला खोटंच करायचं हुतं तर नीट तर करायचं. 'पोरगं बरं हाय, जरा आगाव हाय' असं बोलवलं असतंस, तर लोकांनी इस्वास ठेवला असता."

एका कार्यकर्त्यानं हे कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली. रणधीरनं त्याचा पेन काढून घेतला.

बाईंनी तिथंच बसून खरी नोट पाठवली: सकाळचा आवाज माझा नव्हता, रणधीरनं लबाडी केली, आणि त्याला बोलले म्हणून अमरसिंह सुटला असं समजू नये, टाकीची मोटार आठ महिने जळलेली आहे.

मला वाटलं, विषय संपला. दहा मिनिटांत अमरसिंहचं उत्तर आलं, "ही क्लिपसुद्धा मशीनची आहे. मतदारांनी अफवांना बळी पडू नये." त्याच्याखाली ईरण्णानं लिहिलं, "माझ्या चक्कीची जुनी क्लिपबी मशीनचीच असणार. मला तवाच शंका आली होती." दूधसंकलनवाला, रेशनवाला, पाण्याच्या पाळीवरून बाईंनी ज्याला झापलं होतं तो बिभीषण, एकेक जण पुढं आला. मीही 'झेरॉक्सचीपण' असं टाईप केलं होतं. मग लाज वाटली आणि खोडलं.

संध्याकाळपर्यंत चार वर्षांची सगळी टीका खोटी ठरली. गाव एकदम निर्दोष झालं.

बुधवारी नोट आली नाही. गुरुवारीही नाही. दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. त्या ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं."

त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "माज्या नावानं खोटं बोलले, त्याचं येवडं न्हाय वाटत, शिवा. खरं बोललेलं बी त्येच्यासंगं गेलं. आता म्या बोलले काय आन् मोबाईल बोलला काय."

त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बाई, मशीन आवाज काढतं, पण मशीनला तोंड कुठं असतं? ते समोर तर येऊ शकत नाही."

बाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्या आयुष्यात मी काही शहाणपणाचं बोललो असेन तर तेवढंच, आणि तेही बोलून गेल्यावर कळलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला बाई माझ्या दुकानासमोरच्या सिमेंटच्या बाकावर येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या, वर. पहिल्या एसटीला जाणारी माणसं, दूध घालून परतणारी माणसं, सगळी थांबली. पाच मिनिटांत रस्ता भरला. अमरसिंह चहाच्या गाड्यावर होता. त्यानं कप ठेवून मोटारसायकलला किल्ली लावली.

"अमरसिंह, इकडं ये," बाई म्हणाल्या.

पन्नाशीचा सरपंच, पांढऱ्या कपड्यातला, मुकाट्यानं आला.

"माज्या तोंडाकडं बघ. टाकीची मोटार आठ महिनं जळलेली हाय. बाया डोक्यावर पानी आनत्यात. आता ह्ये मशीन बोलतंय का?"

"बाई, तसं न्हाय, ते टेंडरचं..."

"मशीन हाय का न्हाय?"

"न्हाय."

"ईरण्णा, पायलीला किती पीठ कमी?"

ईरण्णा म्हणाला, "तेवढं तर उडतंच की, बाई." लोक हसले. तोही हसला आणि मागं सरकला.

मग बाईंनी रणधीरला बोलावलं. तो बाकाशेजारी उभा राहून बोलू लागला, "मंगळवारची क्लिप माझ्याकडून अनवधानाने..."

"मोठ्यानं. मागच्या ओळीला ऐकू गेलं न्हाय. आन् साध्या मराठीत."

रणधीरचे कान लाल झाले. त्यानं एकदा श्वास घेतला. "बाईंचा आवाज म्या खोटा काढला. त्यांना न इचारता काढला. चूक माजी हाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण एक म्हातारा म्हणाला, "बोलला बाबा." एसटी आली, निम्मे लोक चढले, निम्मे चहाला गेले. बाई खाली उतरल्या. मी खुर्ची दिली. तात्यांनी पाण्याचा तांब्या आणला होता.

रविवारी मतदान झालं, सोमवारी तालुक्याला, लोहाऱ्यात, मोजणी. रणधीर चारशे बारा, अमरसिंह तीनशे त्र्याण्णव. रणधीरच्या माणसांचं म्हणणं, त्यानं चूक कबूल केली म्हणून तो आला. अमरसिंहच्या माणसांचं म्हणणं, चूक कबूल केली म्हणूनच एकोणीसवर आला, नाहीतर शंभरनं येत होता. 'नोटा'ला सत्तावन्न मतं पडली. ती कुणामुळं पडली, ह्याबद्दल मात्र गावात वाद नाही.

रणधीर गुलाल घेऊन बाईंच्या पाया पडायला गेला. बाईंनी त्याच्या हातचा पेढा खाल्ला, साखर जास्त झाली म्हणाल्या, आणि मोटारीचं विचारलं. मोटार बाराव्या दिवशी बसली. तेराव्या दिवशी बाई म्हणाल्या, पाणी येतंय पण गढूळ येतंय.

ग्रुपवर आता शुभ सकाळची फुलं सोडून काही येत नाही. बाई रोज सकाळी बाकावरच येतात, हल्ली बसून बोलतात. लोक आपापले मोबाईल घेऊन येतात आणि दाखवतात, बाई, हे खरं का खोटं? डोक्यावर मणी असलेला नाग बाईंनी खोटा ठरवला, कारण मण्याची वायर दिसत होती. फुकट लॅपटॉपची लिंकही खोटी ठरवली, "सरकार फुकट दील, पर येवड्या लवकर न्हाय."

परवा ईरण्णानं दिल्लीतल्या मेट्रोचा व्हिडिओ दाखवला. गाडी पळतेय आणि पुढं ड्रायव्हरच नाही. बाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं.

"खोटं हाय."

मी म्हटलं, "बाई, हे खरं आहे. दिल्लीत अशी गाडी चालते. सरपंच बसून आलाय त्यात."

रणधीर चहाच्या गाड्यावर होता. त्यानं तिथूनच होकाराची मान हलवली.

बाईंनी मोबाईल ईरण्णाच्या हातात परत दिला. "असंल," त्या म्हणाल्या. "पर म्या बसनार न्हाय."