आमच्या गाडीचा डावा डोळा

कडाक्याच्या थंडीत सकाळी कोणी अंथरुणातून पाय बाहेर काढत नाही. त्या आठवड्यात मात्र अख्खी गल्ली आमच्या दारात उभी होती. कोणी कानटोपी घालून, कोणी तोंडात ब्रश धरून. समोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्धं भादरून आला होता, आणि ते गिऱ्हाईकही गळ्यातल्या कापडासकट त्याच्यामागे. सगळे वाकून बघत होते आमच्या टॅक्सीच्या डाव्या दिव्यात. काचेच्या आत पाणी जमलं होतं. थेंब फुगायचा, जड व्हायचा आणि हळूच ओघळायचा.

"रडतायत," माझे दीर म्हणाले. "दादा रडतायत."

दादा म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. टॅक्सी त्यांचीच. भाऊजींनी रुमालानं काच पुसली. पाणी जागचं हललं नाही, कारण ते आतून होतं. तर भाऊजी गल्लीला म्हणतात, "बघा. साधं पाणी असतं तर पुसलं गेलं नसतं का?" गल्लीनं माना डोलावल्या. अक्कल वाटली जात होती तेव्हा आमची गल्ली बहुतेक अशीच कुठला तरी दिवा बघायला गेली असणार.

मी त्या माणसाबरोबर अख्खा जन्म काढला. दाढ उपटून घेताना त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. ते आता दिव्यात बसून रडणार, आणि तेही फक्त डाव्या?

"डावीकडे काळीज असतं, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"काळीज छातीत असतं भाऊजी, बंपरवर नाही."

पण भाऊजींनी तोवर एक महाराज आणले होते. लांबलचक पांढऱ्या गाडीतून उतरले. गळ्यात मफलर असा, की एक टोक इहलोकात तर दुसरं परलोकात असावं. मी त्यांचं नाव मफलरबाबा ठेवलं. त्यांनी आमच्या बॉनेटला कान लावला, जसा डॉक्टर छातीला लावतो.

"बोलतायत," बाबा म्हणाले.

"काय म्हणतात?" भाऊजींनी रुमाल डोळ्यांना लावला.

"म्हणतात, माझं चाक बाईच्या हाती गेलं. मला बघवत नाही."

सगळ्यांनी माझ्या सुनेकडे पाहिलं. माझा मुलगा शिवणकाम करतो. हात सोन्याचा, पण गाडीत बसला की डोळे मिटून घेतो. म्हणून टॅक्सी सून चालवते. तिला शिकवली ती यजमानांनीच, गोदामामागच्या मोकळ्या जागेत. ती रोज आजारी माणसांना दवाखान्यात नेते. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला पुढे बसल्याशिवाय मळमळतं, सगळं तिला पाठ.

"उपाय?" भाऊजींनी विचारलं.

"सूनबाईंनी चाक सोडावं. गाडी माझ्या आश्रमात सेवेला द्यावी. तिथं जीव सावकाश मोकळा होईल. तोवर तात्पुरता दिलासा देतो. ज्योत जागवा."

ज्योत म्हणजे हेडलाइट. भाऊजींनी बटण दाबलं. बाबा दिव्यासमोर हात फिरवू लागले. "शांत हो, काचेतल्या जीवा. विसाव, पत्र्यातल्या जीवा. सोड रे, चाकाचा मोह सोड." बराच वेळ हे दळण चाललं, आणि खरंच थेंब बारीक होत होत नाहीसे झाले. गल्ली गहिवरली. अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक तर बाबांच्या पायाच पडलं.

दुसऱ्या सकाळी दिवा पुन्हा रडला, आणि ठरलं: बाबा त्या दिवशी भाऊजींकडे, म्हणजे आमच्या शेजारच्याच घरात, मुक्काम करतील आणि उद्या आमची गाडी घेऊन जातील.

सुनेनं किल्ली खिळ्याला अडकवली. मला म्हणाली, "आई, मामंजींना खरंच नको असेल का, मी चालवलेलं?"

ही बाई भर चौकात ट्रकवाल्याशी भांडून येते. तिचा आवाज एवढासा झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मफलरबाबा माझ्या डोक्यात गेला तो तेव्हा.

आता आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. इथल्या पुरुषांनी काहीही उघडून परत जोडलं की एक तरी भाग उरतो. उरलेल्याला भाऊजी 'जादा' म्हणतात. "कंपनी दोन देते वहिनी, एक हरवलं तर असावं म्हणून." पंख्याची जादा वाटी माझ्याकडे काड्यापेटी ठेवायला आहे, आणि तेव्हापासून पंखा फिरताना मान हलवतो. टाकून द्यायची माझी सवय नाही. सगळं जादा सामान माझ्या स्वयंपाकघरात कामाला लागतं.

त्या दुपारी सून स्वयंपाक करत होती. मिठाची बरणी उघडली आणि हातातल्या झाकणाकडे बघतच राहिली. काळं, गोल, रबरी झाकण.

"आई, हे कुठलं?"

"भाऊजींनी दिलं. डाव्या दिव्याचा बल्ब बदलला ना त्यांनी, तेव्हा जादा उरलं. काय घट्ट बसतं म्हणून सांगू. इतका गारठा पडला, पण मिठाला ओल..."

बोलता बोलता मी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. आतल्या बाजूनं पाणी ठिबकत होतं. मी पातेल्याकडे बघितलं, तिनं मिठाकडे बघितलं, मग आम्ही एकमेकींकडे.

"हे दिव्याच्या पाठीला बसतं," सून म्हणाली. "हे नसलं की दमट हवा आत शिरते. मामंजींनी दाखवलं होतं मला." आणि ती तोंडावर पदर धरून हसायला लागली. "आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना."

"सांगून कळणारी गल्ली असती तर दिव्याला रुमाल लावला असता का? थांब. त्यांना बघू दे."

संध्याकाळी आम्ही आमचा दिवा पेटवून आतून सुकवला आणि झाकण जागेवर दाबून बसवलं. मग मी कढत पाण्याची बादली घेतली आणि महाराजांची पांढरी गाडी धुवायला लागले. खिडकीतून बाबांनी आशीर्वाद दिला, "सेवा फळेल, माई."

"फळेलच," मी म्हटलं. सून बॉनेट उघडून म्हणाली, "आतूनही पुसते हं, महाराज."

आमच्या मिठाच्या बरणीला नवं झाकण मिळालं.

सकाळी गर्दी दुप्पट. आमची गाडी कोरडी ठणठणीत. भाऊजी हिरमुसले. "दादा आज रडत नाहीत."

"माझ्या मुक्कामाचा प्रभाव," बाबा म्हणाले.

तेवढ्यात अर्ध्या डोक्याचं गिऱ्हाईक म्हणालं, "मग हे कोण रडतंय?"

पांढऱ्या गाडीच्या डाव्या दिव्यात आतून घळाघळा पाणी ओघळत होतं.

"अगं बाई," मी म्हटलं. "महाराज, तुमचं कोण गेलं?"

"कोणी नाही. सगळे हयात आहेत."

भाऊजींनी त्या दिव्याला हात जोडले. "मातोश्री असतील."

"आई घरी आहे. चांगली आहे."

न्हाव्यानं त्यांना फोन लावायला लावला. मातोश्री खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मेल्या, ही काय वेळ आहे फोन करायची?"

"मेल्या म्हणाल्या," भाऊजी कुजबुजले. "नुकत्याच गेल्या असतील. त्यांना अजून कळलं नसेल."

"तुमचाच नियम आहे, महाराज," न्हावी म्हणाला. "चालवणाऱ्यानं चाक सोडायचं, गाडी सेवेला द्यायची. आमची गल्ली सेवा करील." भाऊजी तर गाडीत जाऊन बसलेसुद्धा, आणि सीट पुढेमागे करून बघायला लागले.

बाबांचा मफलर सुटला. "उतर आधी खाली. अरे गाढवांनो, थंडीनं होतं ते. दमट हवा आत शिरते, रात्री काच गार पडते, आणि हवेतलं पाणी आतून काचेला धरतं. दिवा लावा, ऊब मिळाली की सुकेल. मेलंबिलं कोणी नाही त्यात."

दिव्यावर वाकलेली गल्ली सरळ उभी राहिली.

"पुन्हा एकदा सांगा, महाराज," सून म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

बाबांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा उमगलं. मी आत जाऊन मिठाच्या बरणीवरचं झाकण आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. "दिव्याच्या मागे बसवा. रडं थांबेल." बाबांनी ते घेतलं, भाऊजींना शेजारच्या सीटवर सरकवलं आणि गाडी त्यांच्यासकट पुढे काढली. भाऊजींना कोपऱ्यावर उतरवलं.

सुनेनं खिळ्यावरची किल्ली घेतली. दवाखान्यात जायला एक आजोबा केव्हाचे ताटकळत होते.

भाऊजी चालत परत आले. "वहिनी, मग दादा..."

"दादा गेले, भाऊजी. चांगले होते, आणि गेले. रडायचं असेल तर आपण रडू. दिव्याला कशाला कामाला लावायचं?"

मी फार शिकलेली नाही. पण पातेल्याच्या झाकणाला पाणी सुटलं म्हणून मी कधी महाराज बोलावला नाही. काचेला सुटलं तरी बोलावू नये. आधी मागे वाकून बघावं, कुठलं झाकण उडालंय. आणि कोणी चमत्कार दाखवलाच, तर त्याला म्हणावं, आता हाच तुझ्या गाडीवर दाखव.

पुढच्या आठवड्यात भाऊजी जेवायला आले. बिनझाकणाच्या बरणीत मिठाला पाणी सुटलं होतं. ते वाकून बघत राहिले, मग हळूच खिशातला रुमाल काढला.

मी बरणीवर वाटी पालथी घातली आणि त्यांना वाढायला घेतलं.