माझ्या नाकावरचा नंबर

मी एक जुनी मोपेड आहे, मित्रांनो. मोपेड म्हणजे सायकलची थोरली बहीण आणि मोटरसायकलची गरीब आत्या. रंग निळा. म्हणजे होता. आता पोपडे निघालेल्या दारासारखी दिसते, पण मन अजून निळंच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा तिथल्या मिस्त्रीने माझ्या टाकीवर थाप मारून म्हटलं होतं, "ही पळणार नाही, पण पोचवणार." त्याचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. माझा जास्तीत जास्त वेग ताशी सत्तावीस, तोही उतार असला आणि वारा पाठून असला तर. एकदा एक गोगलगाय माझ्या मडगार्डवर चढली. दोन वळणं बसली, मग कंटाळून उतरली आणि पायीच पुढे निघून गेली. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

माझ्या मालकिणीला सगळे सुईताई म्हणतात. ती घरोघर जाऊन आजारी माणसांना इंजेक्शनं देते, जखमांच्या पट्ट्या बदलते. पाठीवर औषधांची काळी पिशवी, डोक्यावर हेल्मेट आणि खाली मी. रोज अकरा घरं, सोळा वर्षं, एक खाडा नाही. माझं फटफट ऐकलं की पोरं पलंगाखाली घुसतात. पायाची जखम वर्षभर चिघळलेली एक आजी मात्र खिडकीतूनच ओरडते, "आली गं माझी फटफटी! अर्धं दुखणं पळालं!" तेवढ्यावर माझी टाकी महिनाभर भरलेली असते.

आता माझं एक गाऱ्हाणं ऐका. सुईताई रोज घाईत. ती सीट पुसायची, हँडल पुसायची, मागचा दिवा पुसायची. पण माझं नाक, म्हणजे पुढच्या मडगार्डवरची नंबराची पाटी, तिच्याकडे कधी बघायचीच नाही. तिथे चिखलाचा थर बसला तो बसलाच. आणि त्या चिखलाखाली काय होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

झालं असं होतं. माझ्या दोन्ही पाट्यांचा रंग उडाला, म्हणून सुईताई मला रंगारीकाकांकडे घेऊन गेली. काकांची एक खोड. सगळ्या पाट्या एकाच मापाच्या कापायच्या, रंगवायच्या आणि धुतलेल्या कपड्यांसारख्या दोरीवर ओळीने वाळत घालायच्या. त्या दिवशी दोरीवर माझ्या दोन होत्या आणि एका फोटोवाल्याच्या मोटरसायकलच्या दोन. काकांनी गप्पा मारत मारत चारही काढल्या आणि ठोकल्या. माझ्या पाठीवर माझा नंबर आणि नाकावर फोटोवाल्याचा! त्याच्या पाठीवर माझा! मी जीव तोडून ओरडले, "काका, चुकलं!" काका सुईताईला म्हणाले, "इंजिन फार कुरकुरतंय हिचं. तेल घाला."

पुढच्याच पावसात माझं नाक चिखलाने माखलं आणि गोष्ट झाकली गेली ती गेलीच.

मग एके दिवशी सुईताईच्या नावाने दंडाची पावती आली. सोबत रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने पाठीमागून काढलेला फोटो. धुळीचा लोट, वाकलेलं हेल्मेट, पाठीवर काळी पिशवी आणि त्यात एकच गोष्ट स्पष्ट, माझा नंबर. वेग ताशी ब्याण्णव!

खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. आयुष्यात कुणी मला ब्याण्णव म्हटलं नव्हतं.

सुईताईच्या सासूबाईंनी पावती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि फिस्सकन हसल्या. "अगं, हिला तर मी परवा भाजीची पिशवी घेऊन मागे टाकलं!"

"हसता काय, आई? नाव माझं आहे."

सुईताईने हरकतीचा अर्ज केला. छापील उत्तर आलं, हरकत अमान्य. दुसरी पावती आली. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या पावतीबरोबर नोटीस आली. मंगळवारी दहा वाजता वाहन घेऊन हजर राहा, आरोप खोटा ठरला नाही तर परवाना रद्द आणि वाहन जप्त.

सुईताई माझ्या सीटवर बसून राहिली. "पायी किती घरं होतील, आई? चार? मग उरलेल्या सातांना काय सांगू? जखमेला सांगू का, थांब म्हणून?"

सासूबाईंचं हसू पहिल्यांदाच थांबलं. "मीही येते मंगळवारी," त्या म्हणाल्या.

वाहतूक कार्यालयाच्या अंगणात मोठ्ठे साहेब आले. मोठ्ठे म्हणजे पदानेही आणि पोटानेही. सुईताई म्हणाली, "साहेब, ही गाडी ब्याण्णवने पळूच शकत नाही. तुम्हीच बघा."

"असं सगळेच म्हणतात, बाई. पळवा."

सुईताईने मूठ पूर्ण पिळली. मी छाती फुटेस्तोवर धावले. तेवढ्यात चहाचा ट्रे घेतलेला शिपाई माझ्या शेजारून पुढे गेला, आणि एक थेंबही सांडला नाही.

"नाटक आहे हे," साहेब म्हणाले. "उतरा, मी चालवतो."

ते बसले आणि माझे दोन्ही टायर 'अगं आई गं' म्हणाले. साहेबांनी मूठ पिळली, पाय मारले, शेवटी "चल, चल" असं गोंजारूनही बघितलं. ताशी अकरा! खिडक्यांतून कारकून टाळ्या वाजवायला लागले. साहेब घाम पुसत उतरले.

"गाडी हळू आहे हे मान्य. पण फोटोत नंबर हिचाच आहे. त्याचं काय करू? कॅमेरा खोटं बोलत नाही." आणि त्यांनी जप्तीच्या कागदावर पेन टेकवलं.

तेवढ्यात सासूबाई माझ्यापुढे येऊन उकिडव्या बसल्या. त्यांना कुणाचंही मळकं तोंड बघवत नाही. "जप्त तर जप्त. पण साहेबांच्या घरी पोर अशी शेंबड्या नाकाने पाठवू का मी?" त्यांनी रुमालावर पाणी ओतलं आणि लागल्या माझं नाक घासायला. मित्रांनो, किती दिवसांनी! मला गुदगुल्या झाल्या, आनंदाने माझा हॉर्न आपोआप वाजला. चिखलाची खपली निघाली, एक आकडा दिसला. मग दुसरा. मग सगळे.

"सूनबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिच्या पुढे एक नंबर आणि मागे दुसरा कसा गं?"

साहेबांचं पेन कागदावरच अडकलं. ते पुढे वाकले, मागे धावले, पुन्हा पुढे आले. पुढचा नंबर संगणकात घातला, तर फोटोवाल्याचं नाव निघालं. त्याला फोन केला. अर्ध्या तासाचा रस्ता तो अकरा मिनिटांत आला, म्हणजे आणखी पुराव्याची गरजच उरली नाही. पाठीवर कॅमेऱ्याची काळी पिशवी, आणि मोटरसायकलच्या मागे माझा नंबर!

"साहेब, मला वाटलं माझं नशीबच उघडलंय," तो कान पकडून म्हणाला. "वर्षभर भुर्रकन फिरतोय, एक पावती नाही!"

"आता तिन्ही घे," साहेब म्हणाले.

रंगारीकाकांनाही बोलावलं. ते दोन्ही पाट्यांकडे बघून म्हणाले, "चूक झाली खरी. पण साहेब, आकड्यांचं वळण तरी बघा!"

मग काकांनी माझी पाटी मला आणि फोटोवाल्याची त्याला ठोकली, आणि साहेबांनी जप्तीचा कागद फाडला. सुईताईने पिशवी पाठीवर टाकली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "आई, बसा मागे. आजींची पट्टी राहिलीय."

त्यानंतर महिन्याभराने आणखी एक पावती आली. सुईताई ती उघडेचना. सासूबाईंनी ती हिसकावून मोठ्याने वाचली, "अतिसंथ वाहन चालवून वाहतुकीस अडथळा." फोटोत पुढे मी, नाक चकचकीत, सीटवर सुईताई आणि मागे गाड्यांची ही लांबच लांब रांग. नाव बरोबर, नंबर बरोबर, गाडी बरोबर!

"हिच्यावर हरकत घेशील तर बघ!" सासूबाई म्हणाल्या. दंड भरला आणि तो फोटो चौकटीत घालून दारात लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दाखवते, म्हणजे फटफटते, ही खरी मी!

म्हणून म्हणते, मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी जुनी असेल, तर सीट पुसून पळू नका. जरा पुढे येऊन बसा आणि तिचं नाकही पुसा. आम्हाला बोलता येत नाही, पण सांगायचं असतं ते सगळं तिथेच असतं.

चला, निघते. आजी खिडकीत आल्या असतील. आणि ती गोगलगाय पुन्हा रस्त्याकडेला उभी दिसतेय. पण आज ती बसणार नाही. तिचं म्हणणं, उशीर होतो.