स्लॅबचं पाणी

जब्बार मिस्त्रीनं हातोडी उचलली आणि नव्या स्लॅबला टेकू दिलेल्या कोपऱ्यातल्या बल्लीखालच्या पाचरीवर पहिला ठोका दिला. ख्रिस्ती मंडळीच्या देवळाच्या दारात खराटा घेऊन उभी असलेली इंदूबाई घाबरून वर छताकडे पाहू लागली.

"थांब मिस्त्री!" बाहेरून पंजाबराव ओरडले.

नवऱ्याचा आवाज ऐकून तिला वाटलं, देव पावला. पण कसचं काय! पंजाबराव धोतराचा सोगा सावरत हसतमुखानं आत आले.

"पाळकबुवाले येऊ दे. प्रार्थना होऊ दे अगुदर, मंग काढ टेकू."

"होऊ द्या. पन लवकर आटपा, भाऊ. ह्या बल्ल्या मले उद्याच राळेगावले न्यायच्या हायेत, कापसाच्या जिनाच्या गोदामावर." जब्बारनं मान वर करून नव्या स्लॅबकडे पाहिलं. "पाणी बराबर मारलं ना? स्लॅब टाकल्यावर मी तं इकडे फिरकलोच नाही. उन्हाळ्याचे दिस. पाणी कमी पडलं तं कच्ची राह्यते बरं."

"पाणी नंदाबाईकडे होतं. झालं," पंजाबराव म्हणाले.

झालं! इंदूबाईनं खराटा घट्ट धरला. पाणी झालं नव्हतं. स्लॅब टाकल्यावर पहिले काही दिवस बायांनी पाण्यानं भरलेले गुंड एकामागून एक वर चढवले, मातीची आळी करून त्यांत पाणी कोंडलं. मग विहीर तळाला गेली. गाळातून जे घोटभर वर येई ते लेकरांना पाजायचं की सिमेंटला? बायांनी लेकरांना पाजलं. वरची आळी वाळून तडकली. हे मंडळीतल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं, आणि बायांना ठाऊक म्हणजे त्यांच्या नवऱ्यांनाही. ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला, आणि बांधकामाचा सेक्रेटरी तोच होता.

आता म्हणाल, सांगितलं का नाही? अहो, सांगायची सोय राहिली होती कुठे!

पंजाबराव धरणाच्या कामावर टाइमकीपर होते. महाराष्ट्र झाला त्या वर्षी ते काम संपलं, नोकरी संपली, आणि हा माणूस घरात बसून वाळायला लागला. मंडळीनं कवेलूच्या छपराचं जुनं देऊळ पाडून पक्कं बांधायचं ठरवलं तेव्हा पाळकबुवांनी काम यांच्यावर सोपवलं, आणि यांच्या अंगात वारं शिरलं. धरणावरच्या इंजिनेरानं शिकवलेली रीत त्यांनी इथं लावली. कामाला माणूस, माणसाला तारीख. कोणतं काम आधी, कोणतं मागून, कोणतं अडलं तर पुढचं काय अडेल, सगळं आखून टाकलं. पाणी नंदाबाईकडे, चुना अन् झाडझूड बायकोकडे. देऊळ होईस्तोवर उपासना कडुनिंबाखाली भरे. दर रविवारी ती झाली की एकेकाचं नाव पुकारायचं आणि विचारायचं, "झालं का?" ज्याचं झालं नसेल त्यानं शेवटची प्रार्थना होईस्तोवर उभं राहायचं.

रीत वाईट नव्हती, हे इंदूबाईही कबूल करी. एरवी ह्या मंडळीनं दहा वर्षं नुसत्या कमिट्या भरवल्या असत्या. पण थंडीत उत्तमसिंगची पाळी आली. तांड्यावरचा हा बंजारा मंडळीत नवाच आलेला. नदीतून वाळू आणायची ती त्याच्या बैलगाडीनं, आणि वाळू आली नव्हती.

"झालं का?"

"नाही, भाऊ."

"उभा राह्य."

साठीकडे झुकलेला तो माणूस आपल्या बायकोदेखत, सगळ्यांदेखत, फेटा हातात घेऊन कडुनिंबाखाली उभा राहिला. पुढच्या रविवारी तो आला नाही. मग कधीच आला नाही; वाळू बाकीच्यांनी डोक्यावर वाहिली. तेव्हापासून मात्र देवळाचं एकही काम अडलं नाही! ज्याचं नाव पुकारावं तो म्हणे, "झालं." कमीजास्त राहिलं तर शेजारपाजारचे रात्रीतून उरकून टाकत, नाहीतर तसंच झाकत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पंजाबराव घरी येऊन जेवताना म्हणायचे, "पाह्य इंदू, लोकाईले शिस्त लागली," आणि अर्धी भाकर जास्त मागायचे. नोकरी गेल्यापासून त्यांनी भाकर मागून घेतली नव्हती. त्या अर्ध्या भाकरीसाठी ती गप्प राहिली.

आज सकाळी चहाच्या वेळी तिनं विषय काढून पाहिला होता.

"आइका ना. थे पाण्याचं नंदाबाईले एकदा नीट इचारा."

"रविवारी इचारलं ना सगळ्याईसमोर. झालं म्हणाली. का देवापुढं खोटं बोलली थे?"

यावर काय बोलणार? तोंड उघडावं तर विधवा नंदाबाई खोटी ठरणार, न उघडावं तर वर स्लॅब. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पाळकबुवा आले. बायाही जमल्या. नंदाबाई सगळ्यांच्या मागं, पदर तोंडाशी धरून. ईस्टरला नागपूरहून मिशनचे साहेब देवळाच्या समर्पणाला यायचे होते, म्हणून प्रार्थनेत साहेबांचंही नाव झालं.

"चला, सारे भाईर व्हा," पंजाबराव म्हणाले. "कर सुरू, मिस्त्री."

जब्बार आणि त्याचे दोन गडी आत गेले. हातोडीचा ठोका पडला. वरून चिमूटभर माती जब्बारच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झटकली आणि पुन्हा हात उचलला. काल दुपारी गावात पोचल्यावर ह्याच माणसानं तिच्या ओसरीवर बसून ताक पिताना आपल्या धाकट्या पोरीच्या लग्नाचं सांगितलं होतं.

इंदूबाई आत शिरली, बल्ल्यांमधून वाट काढत मधोमध गेली आणि खराटा मांडीवर घेऊन खाली बसली.

"भाबी, हे काय? सरका. खाली कोनी असलं तं मी पाचर काढत नाही."

"तुमी बी खालीच उभे ना. मंग मले काय होते?"

पंजाबराव दारातून ओरडले, "अवं, येडी झाली का तू? भाईर ये!"

"काहून? पाणी झालं ना?"

"झालं म्हणून सांगतलं न!"

"मंग भ्या कायचं? काढा म्हणा त्याईले."

पंजाबरावांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि तिथं दुसरंच काही दिसू लागलं. इंदूबाईनं नजर खाली केली नाही. आपण ह्यांना मंडळीसमोर उघडं पाडतोय, हे तिला कळत होतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटत होतं.

पंजाबराव बायांकडे वळले.

"नंदाबाई, पाणी झालं ना?"

"झालं, भाऊ," नंदाबाई म्हणाली. रविवारी म्हणायची तसंच म्हणाली.

"ठोक, मिस्त्री," पंजाबराव म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

जब्बार घुटमळला. मग पाचर किती सैल झाली ते बघायला त्यानं तिच्यावर हलकेच हातोडी टेकवली. बल्ली करकरली.

"इंदू!" नंदाबाई किंचाळली. "माय वं, उठ! भाईर ये! पाणी नाही टाकलं वं, उठ!" आणि ती बायांना ढकलत दारापर्यंत धावत आली. तिथंच उंबऱ्यावर बसून ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

जब्बारनं हातोडी फेकली. पाचर तळहातानं ठोकून पुन्हा घट्ट बसवली, इंदूबाईला अन् गड्यांना बाहेर हाकललं आणि स्वतः बाहेर येऊन धापा टाकत ओट्यावर टेकला.

"या अल्ला! झालं झालं करून मारलं असतं ना मले!" कपाळावरचा घाम पुसून तो बराच वेळ पुटपुटत राहिला. मग म्हणाला, "टेकू राहू द्या. गोदामवाल्याचं मी पाह्यतो. आता महिनाभर पाणी मारा, बिनखंड. मंग पाहू, काय राह्यते अन् काय जाते."

"साहेबाले मी कळवतो," पाळकबुवा हळूच म्हणाले. "ईस्टर निंबाखालीच करू, रविवारच्या उपासनेसारखा."

पंजाबराव नंदाबाईसमोर उभे होते. "मले काहून नाही सांगतलं?"

तिनं पदरात तोंड खुपसलं. दोन-तीन माणसं कडुनिंबाकडे पाहत होती, तिथं आज कोणी उभं नव्हतं.

"पाणी आणाचं कुठून?" शेवटी पंजाबरावांनी विचारलं.

"नदीच्या डोहात हाय," एक बाई म्हणाली. "पन ड्रमाले गाडी लागन."

मंडळीत गाडी एकाचीच होती. पंजाबरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि तांड्याची वाट धरली. इंदूबाई मागोमाग निघाली.

ऊन चढलं होतं. अर्ध्या वाटेवर पुढं चालता चालताच त्यांनी विचारलं,

"उत्तमसिंगची वाळू काहून राह्यली होती तवा?"

"बैलाचा खूर फाटला होता त्याच्या."

"तुले माहीत होतं?"

"समद्याईले माहीत होतं. तुमी इचारलंच नाही."

पंजाबराव क्षणभर थांबले. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते पुन्हा चालू लागले, फक्त पावलं हळू पडायला लागली.

उत्तमसिंग घरासमोरच्या मांडवात दोर वळत बसला होता. पाहुणे दिसताच तो उठला, बाजेवरची गोधडी झटकली.

"बसा, भाऊ."

पंजाबराव बसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"बैलाचा खूर बरा झाला का, उत्तमसिंग?"

उत्तमसिंगनं त्यांच्याकडे पाहिलं, मग इंदूबाईकडे. दाराशी त्याची बायको धनीबाई येऊन उभी राहिली होती. मांडवाशेजारी गाडी उभी होती. तिचं जू जमिनीला टेकलं होतं आणि पलीकडे एकटा बैल कडबा चघळत होता.

"मेला थो," उत्तमसिंग म्हणाला. "संक्रांतीतच."

इंदूबाईचे डोळे भरून आले. खूर फाटल्याचं तिला माहीत होतं. हे तिलाही माहीत नव्हतं.

"गाडी पाह्यजे होती का?" उत्तमसिंगनं विचारलं.

"देवळाच्या स्लॅबले पाणी आणाचं होतं. पाणी झालं नाही," पंजाबराव म्हणाले. "अन् चूक माही हाय."

उत्तमसिंगनं हातातला अर्धवट दोर खुंटीला अडकवला.

"बाजूच्या भावसिंगचा बैल मागून पाह्यतो. बसा तुमी." तो तांड्यातल्या घरांमधून निघून गेला.

धनीबाईनं तांब्याभर पाणी आणून दिलं. तिनंही बाजेकडे हात केला. "बसा ना, भाऊ. त्याईले येळ लागन."

पंजाबराव टोपी हातात धरून उभेच होते. इंदूबाईनं त्यांना बसा म्हटलं नाही.