दर तिसऱ्या पेपरावर

“सर, तुम्ही माझं वाचलंत?”

स्टाफरूमच्या अर्ध्या उघड्या दारातून आलेला तो आवाज तेवीस वर्षांपूर्वीचा. धड पोराचा नाही, धड पुरुषाचा नाही. सरांनी मान वर न करता “वाचलं तर!” म्हटलं होतं, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरणारी पावलं ऐकली होती.

वाचलं नव्हतं. त्या वर्षी सर काहीच वाचत नव्हते. आधीच्या सत्रात एकमेकांचं बघून उतरवलेले अकरा पेपर त्यांनी नापास केले होते. प्राचार्यांच्या खोलीत जाऊन ते अकराच्या अकरा पास होऊन आले, खाली सही सरांचीच. सर भांडले नाहीत, राजीनामा दिला नाही. फक्त वाचायचं सोडलं. गठ्ठा पुढ्यात ओढायचा, पानापानावर लाल खूण करायची आणि शेवटी तीन शेरे आळीपाळीनं लिहायचे. पहिल्यावर ‘प्रयत्न चांगला’, दुसऱ्यावर ‘मांडणी सुधारा’, तिसऱ्यावर ‘लिहीत राहा, थांबू नका’. मग पुन्हा पहिला. रहाटाच्या गाडग्यांसारखे शेरे फिरत राहायचे, पाणी एकातही नसायचं.

दारातल्या त्या पोराच्या, पेन्सिलच्या, निबंधावर तिसरा पडला. अंगानं तसाच होता, म्हणून सगळे त्याला पेन्सिल म्हणत. त्या शेऱ्याच्या जोरावर त्यानं हातची नोकरी सोडली, वडिलांशी बोलणं तोडलं, आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून आता स्वतःचा पहिला सिनेमा केला. एका निराश प्राध्यापकाचा.

चार खुर्च्यांच्या एका संकलनाच्या खोलीत त्यानं सरांना आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, तो बघायला बोलावलं होतं. काही बदलायचं तर हाच आठवडा होता. संकलन करणारी बाई मशीनपाशी पाय वर घेऊन बसली होती.

पडद्यावरचा प्राध्यापक फार देखणा निघाला. बायको गेल्यामुळे खचलेला. तो खिडकीशी उभा राहायचा, पुलावरून चालायचा, परत खिडकीशी यायचा. चालणं पंचवीस मिनिटं तरी चाललं. काकूंनी दोनदा जांभई गिळली. मग एका विद्यार्थ्याचा निबंध त्याच्या हाती येतो, वाचता वाचता त्याचे डोळे भरतात, आणि तो थरथरत्या हातानं लिहितो, ‘लिहीत राहा, थांबू नका.’ व्हायोलिन. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: ‘सरांना, ज्यांनी वाचलं.’

दिवे लागले.

“मला मारलंस होय रे?” काकू म्हणाल्या.

“काकू, सिनेमा आहे तो. माणूस खचायला काहीतरी कारण लागतं ना!”

“मग यांच्या मेहुण्याला मारायचंस. मी चांगली धडधाकट बसलेय इथे.”

संकलनवाली बाई खुदकन हसली. पेन्सिल हसला नाही.

“सर, खरं सांगा. वितरक म्हणतो, मध्यंतरालाच लोक उठून जातील.”

“वर्ग हुबेहूब झालाय,” सर म्हणाले. “बाकांवरची ती धूळसुद्धा.”

“हे बघा! वर्गातही असंच करायचात तुम्ही. नको तो प्रश्न आला की फळ्याबद्दल बोलायचात.”

“मी सांगू का?” ती बाई म्हणाली. “बायको गेलेला माणूस दुःखी असतो. हा दुःखी वाटतच नाही. यानं काहीतरी करायचं टाळलंय आणि ते याला माहीत आहे, असा दिसतो. पण काय टाळलंय, ते सिनेमात कुठेच नाही.”

अख्ख्या नोकरीतून सरांच्या वाट्याला हा एकच विद्यार्थी उरला होता. दर वर्षी न चुकता फोन करणारा, दुखणंखुपणं विचारणारा. आता तोंड उघडलं तर तोही जाणार, आणि गप्प बसलं तर ती पांढरी अक्षरं गावोगावच्या पडद्यांवर लागणार.

काकूंना सगळं ठाऊक होतं. घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते गठ्ठे झरझर संपताना पाहिले होते. त्या सरांच्या कानाशी वाकल्या. “सांगा, नाहीतर घरी चला. मधलंच काही करू नका.”

पेन्सिलनं खुर्ची मागे ढकलली. “जाऊ द्या, सर. नाही जमला, तर नाही जमला. चालण्याचं कापतो, मरणाचं कापतो. शेवटचा प्रसंग तेवढा ठेवणार. तो तरी खरा आहे.”

“तोच काढ,” सर म्हणाले.

“का?”

संकलनवाल्या बाईनं पाय खाली घेतले.

“मी तुझा निबंध वाचला नव्हता. त्या वर्षी मी कुणाचंच वाचलं नाही. तीन शेरे ठरवले होते, ओळीनं लिहीत जायचो. तो तिसरा.” सर पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “गठ्ठ्यात तू कितवा होतास, मला आठवत नाही रे. तीननं भाग जात असणार, एवढंच.”