सागवानी तोंडाचा कॉम्प्युटर

मानवजातीच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे अचूक मोजमापाचा इतिहास होय. ज्यांना मोजता आलं, त्यांनी पूल बांधले, जहाजं हाकारली, ग्रह गाठले. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला हे ठणकावून सांगण्याचा अधिकार आहे. तो मी गेल्या बुधवारी दोन सेंटीमीटरनं घालवला.

आमची सून गेम खेळते. वेळ जात नाही म्हणून नव्हे. पाच जणांच्या संघातून, स्पर्धेत. लग्नानंतर आमच्या चिरंजीवांना तिनं पहिल्याच डावात चार मिनिटांत गारद केलं, तेव्हापासून ते फक्त चहा आणून देतात. तिचा कॉम्प्युटर मात्र नऊ वर्षांचा. ऐन चकमकीत चित्र थिजायचं आणि पुन्हा हलेपर्यंत ही मेलेली असायची. शेवटी कप्तानानं बजावलं, "ताई, रविवारी उपांत्य सामना. मशीन अडकलं तर राखीव खेळाडू उतरवतो. मग जागा कायमची त्याची."

नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. साठवलेल्या पैशांत एकच गोष्ट येत होती, वापरलेलं ग्राफिक्स कार्ड. चित्र पळतं ते त्याच्या जोरावर. एकदा घेतलं की परत नाही. पॉवर सप्लायला झेपेल का, बाकीच्या भागांशी जमेल का, हे तिनं आठवडाभर वाचून काढलं. राहिली लांबी.

"बाबा, एकोणतीस सेंटीमीटरचं आहे. कॅबिनेटमध्ये मावेल ना?"

"लांबीचं तू माझ्यावर सोड." मी टेप ओढला. एकतीस. "मावून वर दोन उरतात."

बुधवारी कार्ड आलं आणि शिरेना.

कॅबिनेट मी बाहेरून मोजलं होतं. जन्मभर कपाटं केली; गिऱ्हाईक एकच विचारतं, दारातून आत येईल का? टेप सवयीनं बाहेरूनच लागला. पुढचा प्लास्टिकचा मुखवटाच चार सेंटीमीटर खात होता. आत जागा सत्तावीस.

"अहो, शर्टाचं माप कोटावरून घेतलंत की!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलंय, त्यामुळे गप्प बसण्याचा प्रश्नच नव्हता.

सून कार्ड परत खोक्यात ठेवू लागली. ते जास्त लागलं. मग हळूच म्हणाली, "राखीव मुलगा तसा बरा खेळतो, बाबा."

"त्याला घरी खेळू दे. आतलं सगळं बाहेर काढ."

तिनं एकेक स्क्रू वाटीत टाकत कॅबिनेट रिकामं केलं. लोखंडाचा कीस आत पडला तर खेळ खलास, हे तिनं मला तीनदा बजावलं. मी प्लास्टिकचा मुखवटा काढून बाजूला ठेवला, समोरच्या पत्र्याला कार्डाच्या नाकाएवढी खिडकी कापली, कडा कानशीनं घासल्या. मग उरलेल्या सागवानाचं नवं तोंड केलं, आडव्या तिरप्या पट्ट्यांचं. वारा आत जावा आणि धूळ लाजून परत फिरावी, असं. पॉलिशचे दोन हात. शनिवारी सुनेनं सगळं परत बसवलं. कार्ड आत सरकलं, नाक खिडकीतून सागवानात विसावलं, आणि कट् असा आवाज आला. इतका समाधानाचा आवाज मी मुलाच्या बारशालाही ऐकला नव्हता.

"बाबा, तापमान दहा अंशांनी उतरलंय," सून म्हणाली. मी सहज मान हलवली. आतून मी दीड फूट उंच झालो होतो.

रविवारी दुपारी सामना. मी तिच्या मागेच खुर्ची टाकली. चित्र एकदाही थिजलं नाही. शेवटच्या डावात संघातले चौघे गारद, ही एकटी, समोर तिघे. पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा भिंतीआडून निघाला आणि सुनेनं त्याला तिथेच झोपवलं. अंतिम फेरी! चिरंजीवांच्या हातून चहा सांडला, सौभाग्यवतींनी चक्क सुनेचा मुका घेतला. आणि संघात कुणाची जागा कुणाची, हा विषय संपला.

सुनेनं कॅमेरा वळवून सागवानी तोंड संघाला दाखवलं. "हे आमच्या बाबांनी केलं." चौघेही आ वासून बघत राहिले.

"काका, मानलं तुम्हाला!" कप्तान म्हणाला. "फक्त एक विनंती होती."

"बोला, बोला." मी खुर्ची पुढे ओढली. चार ऑर्डरी तरी नक्की, असा माझा हिशेब.

"अंतिम सामन्याला तुम्ही शेजारच्या खोलीत बसाल का? ताईंच्या माइकमधून सबंध सामनाभर 'सागवान आहे, सागवान' एवढंच ऐकू येत होतं."